मुलगा अजून पहाऱ्यावर आहे

पत्राचा सारांश

आठ महिन्यांपूर्वी रात्री अडीचच्या सुमारास घरात पुराचं पाणी शिरलं. पत्रलेखक वडील त्या रात्री कामावर, दूर होते. आईने आजीला सावरलं आणि पंधरा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या बहिणीला पाठीवर घेऊन गच्ची गाठली. घरातले सगळे वाचले. सखल भागात राहणारा त्याचा वर्गमित्र मात्र गेला. त्या रात्री मित्राचे दोन फोन येऊन गेले होते, ते यानं उचलले नव्हते, हे वडिलांना अलीकडेच कळलं. मुलगा आजवर एकदाही रडलेला नाही. घर साफ करताना तोच पुढे होता आणि सगळे नातेवाईक त्याचं कौतुक करतात. पण त्याचे गुण घसरलेत, खेळणं बंद झालंय, बारीकसारीक गोष्टींवरून तो बहिणीवर खेकसतो. रात्री पंचवीस-तीस वेळा फोनवर नदीची पातळी बघतो, बाहेरचे कपडे आणि बूट घालूनच झोपतो. दोनदा झोपेत ओरडला. बहीण तेव्हापासून त्याच्याच खोलीत झोपते. मामांचं म्हणणं, त्याला नदीवर नेऊन उभं करा, भीती मोडेल. आई म्हणते, तज्ज्ञाला दाखवू. वडिलांना वाटतं की मुलगा खंबीर आहे, खपली काढू नये, काळच औषध आहे. पावसाळा दीड महिन्यावर आला आहे. काय करावं?

उत्तर

तुमच्या पत्रात ‘खंबीर’ हा शब्द पाच वेळा आला आहे. ‘झोप’ एकदाच येतो, तोही शेवटून दुसऱ्या ओळीत. मी सुरुवात त्या ओळीपासून करणार आहे.

बूट घालून कोण झोपतं? ज्याला कोणत्याही क्षणी उठून धावावं लागणार आहे, तो. नदीची पातळी रात्रभर कोण बघतं? ज्याच्यावर बाकीच्यांना उठवायची जबाबदारी आहे, तो. तुमचा मुलगा खंबीर आहे की घाबरलेला, असं तुम्ही विचारता. मला यातलं कुठलंच वर्णन नेमकं वाटत नाही. तो पहाऱ्यावर आहे. त्या रात्री घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून पंधराव्या वर्षी त्याने ती जागा घेतली. पाणी ओसरलं, घर धुतलं, रंगवलं, पण “आता तू सुटलास, इथून पुढे मी बघतो” असं त्याला कुणी म्हटलं नाही. उलट आठ महिने सगळे त्याची पाठ थोपटतायत. म्हणजे त्याच्या कानांवर दर वेळी एकच हुकूम पडतोय, की उभा राहा.

तो रडला नाही, यावरून काहीच ठरत नाही. या वयात दुःख आणि भीती चेहऱ्यावर कमी दिसते. ती चिडचिडीत दिसते, घसरलेल्या गुणांत दिसते, डोकेदुखी-पोटदुखीत दिसते, खेळ सोडून देण्यात दिसते. काही मुलं वेगाने गाडी चालवू लागतात, काही नशेकडे वळतात. काही तुमच्या मुलासारखी अचानक फार जबाबदार होतात, आणि त्यांच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जातं, कारण त्यांचा कुणाला त्रास होत नाही.

काळ औषध आहे, हे तुमचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. आपत्तीनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तीच दृश्यं डोळ्यांसमोर येणं हे बहुतेक मुलांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं. अमेरिकेत १९९२ साली आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर तिथल्या शाळकरी मुलांचा तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यात मागोवा घेतला गेला, तेव्हा हेच दिसलं. पण काहींची लक्षणं टिकून राहिली. मधल्या काळात ज्यांच्या आयुष्यात आणखी मोठ्या उलथापालथी झाल्या, त्यांना सावरणं जास्त जड गेलं. काळ एकटा काम करत नाही. त्या काळात घरात काय घडतं, यावर बरंच अवलंबून असतं. आघातानंतरच्या ताणविकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं निदान करताना अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची नियमावली लक्षणं एक महिन्याहून जास्त टिकली आहेत का, ते बघते. तुमच्याकडे आठ महिने झालेत. निदान पत्रावरून करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण ‘अजून थोडं थांबून बघू’ हा पर्याय आता उरलेला नाही.

मामांच्या नदीच्या बेताबद्दल आधी स्पष्ट सांगते, कारण तो प्रेमापोटी आलेला आणि तरीही धोक्याचा आहे. भीतीच्या गोष्टीला सामोरं गेल्याने भीती कमी होते, हे खरं. उपचारांतही हेच करतात. पण त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: मुलाची संमती, लहान पायऱ्या आणि भीती उतरेपर्यंत तिथे थांबणं. जबरदस्तीने नेलेला मुलगा भीतीच्या ऐन शिखरावर तिथून पळतो. मग त्याचा मेंदू एवढंच शिकतो की ‘पळालो म्हणून वाचलो’. भीती घट्ट होते, वर मामांवरचा विश्वासही जातो.

आता पहारा कसा उतरवायचा ते बघू. ‘घाबरू नकोस, आता पूर येणार नाही’ असं म्हणून तो उतरणार नाही. पूर पुन्हा येऊ शकतो, हे त्याला माहीत आहे आणि ते खरंच आहे. खोटं आश्वासन दिलंत तर तुमची बाकीची वाक्यंही त्याच्या लेखी खोटी ठरतील. पहारा तेव्हाच उतरतो, जेव्हा दुसरा माणूस पहाऱ्यावर येतो आणि तो जागा आहे हे डोळ्यांना दिसतं. म्हणून पावसाळ्याआधीच्या या सहा आठवड्यांत घरातल्या सगळ्यांनी बसून एक कागद लिहा. इशाऱ्याची माहिती कुठून घ्यायची, तर एकाच अधिकृत ठिकाणाहून. पाण्याची कोणती पातळी किंवा कोणता इशारा आला की काय करायचं. आजीला कोण धरणार, बहिणीला कोण, कागदपत्रांची पिशवी कोण उचलणार, कुठे जायचं, रस्ता बंद असला तर दुसरं ठिकाण कोणतं. हा कागद बनवताना मुलाचं मत आवर्जून घ्या. त्या रात्री त्या जिन्यावरून तो गेला आहे, तुम्ही नाही.

कागदावर शेवटची ओळ मात्र तुमच्या अक्षरात हवी: ‘रात्री साडेदहा ते सकाळी सहा लक्ष ठेवणं बाबांचं काम. मी घरी नसेन तेव्हा आईचं.’ आणि मग ते खरंच करा. जोराच्या पावसाच्या रात्री एक आणि चारचा गजर लावा, उठा, पातळी बघा आणि उशाशी ठेवलेल्या वहीत वेळ टाकून लिहा. ‘१.०० – पाऊस मध्यम, पाणी फाटकापासून लांब. ४.०० – पाऊस थांबला.’ वही अशा जागी ठेवा की त्याला ती उघडून बघता येईल. पहिल्या काही रात्री तो नक्की बघेल, कदाचित तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे का, हे फोनवरून पडताळूनही पाहील. बघू द्या. एकही नोंद चुकली तर मात्र तो पुन्हा पहाऱ्यावर उभा राहील, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

फोन सरळ काढून घेऊ नका. प्रत्येक वेळी पातळी बघितली की त्याला पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, आणि त्याच वेळी मनात एक धडा पक्का होतो की मी बघितलं म्हणून आपण सुरक्षित आहोत. म्हणून आकडा वाढत जातो. तो टप्प्याटप्प्याने खाली आणायचा. किती वेळा बघतो, हे आधी आठवडाभर त्यालाच मोजू दे. मग दिवसातल्या सहा ठरलेल्या वेळा, मग चार, मग सकाळ-संध्याकाळ. मधे बघावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबून मग बघायचं, असा करार करा. बऱ्याचदा दहा मिनिटांत लाट उतरते. बुटांचंही तसंच: आधी पायात नाही पण पलंगाला टेकून, आठवड्याने खोलीच्या दाराशी, मग बाहेर. कोरड्या दिवसांत हे सुरू करा. पहिल्या मुसळधार पावसात तो दोन पायऱ्या मागे येईल, ते धरून चाला.

पावसाच्या आवाजासाठी अशीच शिडी त्याच्याबरोबर बसून लिहिता येते. प्रत्येक गोष्टीला त्याने शून्य ते दहा गुण द्यायचे, किती अस्वस्थ वाटतं ते. दिवसा, तुम्ही शेजारी असताना, रेकॉर्ड केलेल्या पावसाचा हलका आवाज म्हणजे कदाचित तीन. मोठा आवाज पाच. पावसात दारात उभं राहणं सहा. कोरड्या दिवशी लांबून नदी बघणं आठ. सुरुवात तीनपासून. तिथेच बसून राहायचं, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. कधी वीस मिनिटं लागतात, कधी चाळीस. एकच पायरी तीन-चार दिवस केल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. नेहमीची चूक म्हणजे आकडा आठवर असताना “बरं, आज राहू दे” म्हणून आवाज बंद करणं. त्यापेक्षा आवाज कमी करा, पण खोली सोडू नका. आणि ही शिडी फक्त आज सुरक्षित असलेल्या गोष्टींसाठी आहे. फुगलेल्या नदीपासून लांब राहणं हे शहाणपण आहे, त्यावर उपचार करायचे नसतात. त्या रात्रीच्या आठवणींचा तपशील उकलणं हेही या शिडीत येत नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

बोलायचं की नाही, हा तुमचा खरा प्रश्न. तुम्ही लिहिता, “आम्ही घरात तो विषयच काढत नाही.” खपली काढायची भीती समजते. पण मुलं गप्प घराचा अर्थ लावतात, आणि तो बहुधा असा असतो की मोठ्यांना हे झेपत नाही, तेव्हा मी बोलायचं नाही. समोरासमोर बसवून “काय वाटतं तुला?” असं विचारलंत तर “काही नाही” हेच उत्तर येईल. काहीतरी काम करताना, चालताना, गाडीत शेजारी-शेजारी असताना जे दिसतं ते सांगून सुरुवात करा. “रात्री दोनला तुझ्या खोलीत उजेड असतो. मीही जागा असतो.” आणि थांबा. तो काही बोलला नाही तरी चालेल. दहा मिनिटं पुरेत, पुन्हा चार दिवसांनी. तो सांगू लागला तर ऐका, पण “मग पुढे? मग काय झालं?” करत तपशील ओढून काढू नका. आघातानंतर सगळं एका बैठकीत वदवून घेतलं की माणूस मोकळा होतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा एकरकमी कबुलीच्या विरोधात सल्ला देते. त्याने फायदा होत नाही, काहींचं नुकसान होतं.

एक वाक्य मात्र तुम्हीच म्हणायला हवं, आणि ते सर्वांत अवघड आहे: “त्या रात्री मी इथे नव्हतो. जे काम माझं होतं ते तुला करावं लागलं.” तुम्ही पत्रात तुमच्या गैरहजेरीबद्दल एक ओळ लिहून पुढे सरकलात, म्हणून म्हणते. आई-वडिलांचा स्वतःचा ताण मुलांच्या सावरण्यावर परिणाम करतो. तुम्हालाही झोप लागत नसेल तर तज्ज्ञाकडे जाताना स्वतःचंही बोला.

आता ते दोन न उचललेले फोन. मला वाटतं, या सगळ्याचा गाभा तिथे आहे, आणि कौतुक त्याला सर्वांत जास्त तिथेच बोचत असणार. लोक म्हणतात “तू बहिणीला वाचवलंस”, त्याला ऐकू येतं “मित्राला नाही वाचवलंस”. घाईने “तुझी काहीच चूक नाही” म्हणू नका. हे वाक्य खरं असलं तरी ते ऐकून मूल बोलायचं थांबतं, कारण आता त्याने काही म्हटलं तर तुम्ही वाद घालणार, हे त्याला कळतं. या अपराधी भावनेत एक गफलत असते: सकाळी कळलेल्या गोष्टीच्या आधारे माणूस रात्रीच्या निर्णयाचा निवाडा करतो. उपचारांत ती हळूहळू सोडवतात. फोन वाजला तेव्हा हात कुठे होते? पाणी किती होतं? त्या मिनिटाला काय माहीत होतं, काय नव्हतं? मग मित्राच्या मृत्यूमागची सगळी कारणं लिहायची. पाण्याचा वेग, इशारा मिळाला की नाही, घराची जागा, रात्रीची वेळ. प्रत्येकाला टक्के द्यायचे आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी मांडायचा. शंभरातले किती उरतात, ते मुलगा स्वतः बघतो. हे घरी करू नका, पण उपचारात काय होतं याची कल्पना असू द्या. घरी तुम्ही एवढं करू शकता: त्या मित्राचं नाव घ्या. आठ महिन्यांत तुमच्या घरात ते उच्चारलं गेलंय का?

तज्ज्ञ निवडताना पदवीइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा: “किशोरवयीन मुलांसोबत आघातकेंद्री संज्ञानात्मक वर्तन उपचार किंवा ईएमडीआर याचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का?” पहिल्या पद्धतीत आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम होतं, दुसरीत, म्हणजे ईएमडीआरमध्ये, ती आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेतात. या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी केलेली आहे. पहिली पद्धत साधारण बारा ते सोळा बैठकांची असते. सुरुवातीला शरीर शांत करण्याची कौशल्यं, मग हळूहळू त्या रात्रीची हकिगत, आणि काही बैठकांत पालकही. पहिल्याच दिवशी सगळं सांगायला लावणारा, किंवा तुम्हाला आत काय चाललंय याचा अंदाजच न देणारा उपचारक असेल तर दुसरा शोधा. फक्त गोळ्यांवर विसंबू नका. संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात मुलांच्या आणि किशोरांच्या पीटीएसडीसाठी नैराश्यावरच्या गोळ्या वापरू नयेत, असं म्हटलं आहे. सोबत वेगळा आजार असेल तर डॉक्टर निराळा निर्णय घेऊ शकतात, आणि सुरू असलेली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

उशीर झाला का, अशी रुखरुख तुमच्या पत्नीला आहे. ७ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर ग्युमरी शहरातल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांना सुमारे दीड वर्षाने शाळेतच उपचार दिले गेले. भूकंपाला तीन वर्षं झाल्यावर पाहिलं, तेव्हा उपचार मिळालेल्यांची पीटीएसडीची लक्षणं कमी झाली होती, न मिळालेल्यांची वाढली होती. तुम्ही आठव्या महिन्यात आहात.

एका गोष्टीसाठी मात्र भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. मरणाबद्दल बोलणं, ‘मीच जायला हवं होतं’ अशी भाषा, स्वतःला इजा करणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, नशा यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. शंका आली तर सरळ विचारा: “जगू नये असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

झोपेबद्दल थोडं. या वयाला आठ ते दहा तास लागतात. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवा, झोपण्याची आपोआप लवकर येते. तेच तेच स्वप्न पडत असेल तर दिवसा, उजेडात, त्याने त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहावा, त्याला हवा तसा, अशक्य वाटला तरी. मग रोज दहा मिनिटं ते नवं स्वप्न मनात चालवावं. दोन-तीन आठवडे नेटाने करावं लागतं. त्रास वाढतोय असं वाटलं तर थांबवा आणि उपचारकाला सांगा.

शाळेत सगळ्यांना सांगू नका, एका शिक्षकाला विश्वासात घ्या. बसायची जागा दाराजवळ, पाऊस कोसळू लागला तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाण्याची मुभा, आणि निदान हे सत्र गृहपाठ निम्मा. रात्रभर जागणाऱ्याला गणित सुचत नाही, यात आळस कुठे आला?

आणि कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना “घरातला कर्ता पुरुष” हा शब्द वापरायला मनाई करा. पण याचा अर्थ त्याच्याकडून सगळी कामं काढून घेणं, असा नाही. ती दुसरी चूक, आणि त्याला ती शिक्षा वाटेल. आपल्या हातून काही होतं, ही जाणीव आपत्तीनंतर सावरण्याचा मोठा आधार असते. फरक एवढाच की काम संपणारं हवं. कागदपत्रांच्या पिशवीची महिन्यातून एकदा तपासणी, विजेरीचे सेल बदलणं, आजीला आपत्कालीन क्रमांक लावून देणं. सुरू होतं, संपतं, मग खेळायला जाता येतं. पहाऱ्याला मात्र शेवट नसतो.

पहिला मोठा पाऊस, आणि पुराला वर्ष होईल तो दिवस, या दोन्ही वेळी लक्षणं उसळतील. आदल्या आठवड्यातच त्याला सांगा की असं होतं, आणि विचारा, तो दिवस कसा घालवायचाय. मित्राच्या आई-वडिलांना भेटायचं असेल तर सोबत जा, नसेल तर आग्रह नको.

सगळं एकदम जमणार नाही. आज एकच करा. बहिणीचं अंथरूण तुमच्या खोलीत घाला. गुपचूप नको, दोघांना बसवून सांगा. मुलाला सांगा की त्याच्याकडून काही राहिलं म्हणून हे नाही, इतके दिवस तिला त्याने सांभाळलं, आता तिला आम्ही सांभाळतो. तो पहिल्या रात्री दोनदा तरी तुमच्या दारात येऊन आत डोकावेल. दार उघडं ठेवा. जागे असाल तर हात वर करून दाखवा, ती झोपली आहे म्हणून सांगा, आणि तो परत गेला की किती वाजले ते वहीत लिहा.